‘तेजाब’ म्हणजे नेमके कोणते?
जुनी नावे आणि आजची लेबले

कल्हई, बिदरी, पितळकाम, सोन्याचांदीची घडण या धंद्यांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वडीलधाऱ्यांकडून शिकलेली नावे तोंडी असतात, पण दुकानातील बाटलीवर दुसरेच नाव छापलेले असते. त्यामुळे कधी माल बिघडतो, कधी जिवावर बेतते.

सर्वांत घोटाळ्याचा शब्द ‘तेजाब’. फारसीत त्याचा अर्थ तीक्ष्ण पाणी. ते एक नाही, तीन आहेत :

शोऱ्याचे तेजाब – नायट्रिक ॲसिड. चांदी विरघळवते, सोन्याला धक्का लावत नाही.
गंधकाचे तेजाब – सल्फ्युरिक ॲसिड.
मिठाचे तेजाब – हायड्रोक्लोरिक ॲसिड.

नायट्रिक एक भाग आणि हायड्रोक्लोरिक तीन भाग एकत्र झाले की सोनेही विरघळते. म्हणून नुसते ‘तेजाब द्या’ म्हणणे धोक्याचे.

बाकीची नावे अशी :

नवसागर (नौशादर) – अमोनियम क्लोराइड.
टाकणखार (सुहागा) – बोरॅक्स.
शोरा – पोटॅशियम नायट्रेट.
मोरचूद – कॉपर सल्फेट.
हिराकस – फेरस सल्फेट.
तुरटी – पोटॅश ॲलम. ‘नॉनफेरिक ॲलम’ म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. ती तुरटी नव्हे.

जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावरील ग्रंथांतही नौशादर आढळतो. कल्हईत तो तापल्या भांड्यावर टाकला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते. ही वाफ तांब्यावरचा काळा थर खाते आणि कथील पकडते. बिदरीला काळा रंग देण्यासाठी बिदरच्या किल्ल्यातील मातीबरोबर हाच नौशादर वापरतात. त्याचा पांढरा धूर छातीला त्रास देतो, तेव्हा काम उघड्यावर करावे.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. मुलाम्याचे सायनाइड ॲसिडजवळ ठेवू नये. दोन्ही मिसळल्यास प्राणघातक वायू निघतो. आणि तेजाब शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरू नये.

विक्रेत्यांसाठी : सुप्रीम कोर्टाने 2013 साली ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहून नाव, पत्ता व कारण वहीत नोंदवावे लागते आणि 18 वर्षांखालील कोणालाही ॲसिड विकता येत नाही.

दुकानात आणि कारखान्यात प्रत्येक बरणीवर जुने व नवे अशी दोन्ही नावे लिहावीत. गिऱ्हाइकाला मालाची खरी ओळख सांगणे हाही अमानतीचाच भाग आहे.