उकळत्या पाण्याने मोजलेली दरी

सर्व्हे ऑफ इंडियावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. 1767 ची स्थापना, डेहराडूनचं मुख्यालय, हे सगळं चाळून झालं. पण मन अडकलं ते तिबेटमधल्या त्सांगपोच्या घळीत.

त्सांगपो म्हणजे वरच्या अंगाची ब्रह्मपुत्रा. नामचा बरवा (7,782 मीटर) आणि ग्याला पेरी (7,294 मीटर) या शिखरांमधून ती घुसते आणि मोठा वळसा घेत दोन हजार मीटरहून अधिक खाली उतरते. 1913 साली कॅप्टन मॉर्सहेड आणि बेली हे ब्रिटिश अधिकारी या घळीत उतरले. मॉर्सहेड सर्वेक्षणातले. प्लेन टेबलवर नकाशा काढायचा तर ओळखीची दोन-तीन शिखरं दिसावी लागतात. घळीत ढग, दाट जंगल आणि उभे कडे. शिखर दिसणार कुठून? मग दिशा होकायंत्राने घ्यायची आणि उंचीसाठी पाणी उकळायचं. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअसचा फरक. थर्मामीटर वाफेत धरायचा आणि पारा स्थिरावेपर्यंत थांबायचं. अंशाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे तीस मीटरचा घोळ, आणि त्या दिवशी हवा बिघडलेली असली तर आणखी वेगळा. ओल्या जंगलात, भिजलेल्या लाकडांवर हे करणाऱ्याच्या चिकाटीला मी मनापासून मानतो.

त्यांच्याआधी तीस वर्षं सर्वेक्षणानेच पाठवलेला सिक्कीमचा किंथुप इथवर पोचला होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. सोबतच्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकलं. तरी सुटून त्याने रोज पन्नास याप्रमाणे पाचशे ओंडके नदीत सोडले, त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा हे सिद्ध व्हावं म्हणून. ओंडके कधी सोडणार हे कळवणारी त्याची चिठ्ठी वेळेत पोचलीच नाही, त्यामुळे खाली ओंडक्यांवर नजर ठेवायला कुणी नव्हतं. परतल्यावर त्याने तोंडी सांगितलेली हकीकत दुसऱ्यांनी लिहून घेतली. तिच्यात एका ओढ्याचा उंच धबधबा मुख्य नदीचा म्हणून नोंदला गेला. हा दोष किंथुपचा नव्हता. बाकीची वाट त्याने बरोबर सांगितली होती, हे बेली-मॉर्सहेड यांच्या पाहणीत दिसलं.

तरी घळीचा मधला तुकडा कोराच राहिला. 1924 साली वनस्पतिशास्त्रज्ञ किंग्डन-वॉर्ड बराच पुढे गेले, पण तेही पूर्ण पार करू शकले नाहीत. या तुकड्यात दडलेल्या धबधब्यापर्यंत बाहेरचे प्रवासी पोचले ते 1998 मध्ये.

आता याच वळशावर चीनने 2025 च्या जुलैमध्ये प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं आहे. खाली अरुणाचल आणि आसामात याच पाण्यावर शेती आणि गावं आहेत. वर किती पाणी अडेल, कधी सुटेल, हे तिथल्या लोकांना आधी कळायला हवं. पण भारत आणि चीन यांच्यात या नदीच्या पाणीवाटपाचा करार नाही.