व्हर्च्युअल क्लासरूम : लेक्चर ऐकलं, पुढे काय?

व्हर्च्युअल क्लासरूम ही काही लॉकडाऊनची देणगी नव्हे. इस्रोने २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला होता. मार्च २०२० नंतर मात्र आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातही वर्ग थेट मोबाईलवर भरले. माईक म्यूट, कॅमेरा बंद, हजेरी फुल्ल!

पण एम.ई.च्या विद्यार्थ्याचं नुसतं ऐकून भागत नाही. त्याला पेपर वाचून त्यावर वाद घालायचा असतो, डेझर्टेशन लिहायचं असतं. इथे गूगल डॉक्स किंवा मूडलमधील विकी उपयोगी पडते. फाईल एकच, लिहिणारे अनेक. गूगल डॉक्समध्ये तर सरांचा शेरा नेमका त्या वाक्याशेजारीच दिसतो. शिवाय कोणी, कधी, काय लिहिलं याची नोंद राहते. म्हणजे एकाने राबायचं आणि चौघांनी नाव लावायचं, हा आपला जुना धंदा उघडा पडतो! व्हिडिओपेक्षा मजकुराला डेटाही फार कमी लागतो. त्यामुळे हॉस्टेलचं नेट रडत असलं तरी काम अडत नाही.

पद्धत सोपी आहे. लेक्चरनंतर सरांनी फाईलमध्ये तीन प्रश्न टाकावेत. प्रत्येकाने एकाचं उत्तर लिहावं आणि मित्राचं एक उत्तर तपासावं. पुढच्या तासाआधी सरांनी ते वाचलं, की गाडी कुठे अडलीय ते कळतं आणि तास तिथूनच सुरू होतो.

अर्थात कॉपी-पेस्ट करणाऱ्याला कोणतंच टूल तारू शकत नाही. डोकं आपलंच चालवावं लागतं!