भिंतीवरची दिनदर्शिका आणि खिशातली

आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेले कालनिर्णय एकदा निरखून पाहा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केले. त्याच्या चौकटीत तिथी, वार, सण छापलेले असतात आणि शेजारी आपला संसार लिहिलेला असतो. दुधाचा हिशेब, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, म्हैस कधी भरवली, सुनेला दवाखान्यात कधी न्यायचे. छापणाऱ्याला यातले काही कळत नाही. तो पंचांग देतो. आपण काय लिहिले ते विचारत नाही.

हीच दिनदर्शिका आता फोनमध्ये आली, आणि व्यवहार बदलला. तिथे लिहिलेले बहुधा दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवरही जाते. नुसत्या नोंदी वाचून घरात बाळ केव्हा येणार, हप्ता कुठे थकला, घराला कुलूप कोणत्या दिवशी, इतके ताडता येते. शिक्षकांच्या नोंदींत तर दुसऱ्यांची लेकरे असतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा. पण दाराला कडी आपणच लावावी लागते.

अशी कडी असलेल्या दिनदर्शिका आहेत. स्वित्झर्लंडची प्रोटॉन, जर्मनीची टुटा. नोंद आपल्या फोनमध्येच सांकेतिक होते, किल्ली आपल्याजवळ राहते, सर्व्हरला नुसता गिचमिड मजकूर दिसतो. मग वापरणारे मागण्या करू लागतात, आणि गंमत तिथेच आहे बरे का! कोणी म्हणतो, जुनी नोंद शोधून द्या. ज्याला वाचता येत नाही तो शोधणार कसा? म्हणजे सगळ्या नोंदी फोनवर आणून, उलगडून, फोननेच शोधायचे. जुना फोन यात दमतो. कोणी म्हणतो, वेळेवर घंटा वाजवा. प्रोटॉन नोंदीचे नाव, ठिकाण, मजकूर झाकते, पण वेळ सर्व्हरला उघडी असते. टुटाने घंटेचे काम फोनकडे सोपवून वेळही झाकली.

आपली मागणी आणखी वेगळी. अंबाबाईचा किरणोत्सव सूर्यावर चालतो. नोव्हेंबरात ९ ते ११, मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. ‘दरवर्षी’ हे बटण एकदा दाबले की झाले. जोतिबाची यात्रा मात्र चैत्र पौर्णिमेची. इंग्रजी तारीख हलते आणि बटण चुकते. ही मागणी रास्त आहे, आणि तिच्यात काही उघडेही पडत नाही. तिथींच्या तारखांची फाइल ‘आयसीएस’ या ठरलेल्या नमुन्यात बाहेरून आत घ्यायची. नमुना १९९८ सालचा. बहुतेक दिनदर्शिका तो ओळखतात. माहिती आत येते, आपली नोंद बाहेर जात नाही. अगदी भिंतीवरच्यासारखे.

तेव्हा मागणी कळवताना “अमक्या अ‍ॅपात आहे ते द्या” एवढेच लिहू नका. काम सांगा: “चैत्र पौर्णिमेच्या आठ दिवस आधी आठवण हवी.” आणि विचारा, यासाठी माझी नोंद कोणाला वाचावी लागेल? उत्तर ‘सर्व्हरला’ असे आले, तर दुसरी वाट आहे का तेही विचारा.

एक राहिले. परवलीचा शब्द आणि खाते उघडताना मिळणारा परतीचा कोड, दोन्ही हरवले तर या कंपन्यांनाही आपल्या नोंदी उलगडता येत नाहीत. तो कोड घरातल्या वहीत लिहून ठेवा. कालनिर्णयाच्या पाठीवर नको.