ओट्टाच्या वरचा माळ

"ब्लोस! ब्लोस!" शिक्षिका ओरडते आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर वाकून एकदम फुंकर मारतो. भूर्जाची साल आधी नुसती धुमसते, मग तिच्यातलं तेल पेट घेतं आणि काळा धूर सोडत ज्योत वर येते. साल पडलेल्या ओंडक्यावरची आहे. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, हे सकाळी बसमधून उतरताच सांगून झालंय. वर रचलेल्या झिलप्या आमच्याच हातच्या. सुरीची धार अंगापासून लांब, लाकूड पक्क्या आधारावर टेकलेलं, आणि झिलपी तुटू न देता शेवटपर्यंत न्यायची. कुणाला कळलं नाही तर शिक्षिका इंग्रजीकडे वळत नाही. स्वतःची सुरी काढते, करून दाखवते आणि तेच नॉर्वेजियन वाक्य पुन्हा म्हणते. तिसऱ्या-चौथ्या वेळी वाक्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही, हातच वळतो.

नॉर्वेतल्या ओट्टा गावाच्या वर, रोंडाने राष्ट्रीय उद्यानाच्या अलीकडच्या पाइनच्या रानात आम्ही आहोत. सप्टेंबर संपत आलाय. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात उघडी आग पेटवायला या देशात बंदी असते, म्हणून ही शेकोटी आत्ता शक्य आहे. झाडांखाली सगळीकडे फिकट पिवळसर दगडफूल पसरलंय, रेनडियरचं हिवाळ्यातलं खाद्य. मधूनमधून लिंगनबेरीचे लाल मणी. आम्ही चालता चालता ते खुडतो आणि कोणी हटकत नाही. रान खाजगी मालकीचं असलं तरी त्यातून हिंडायचा, बेरी वेचायचा हक्क सगळ्यांना आहे. १९५७ साली तो कायद्यातच लिहिला गेला. तंबूही ठोकता येतो, फक्त वस्तीच्या घरापासून १५० मीटर अंतर राखायचं.

वर्ग खाली गुडब्रान्ड्सडाल खोऱ्यातल्या एका लोकशाळेचा आहे. इथे अशा शाळांना फोल्केहोग्स्कूले म्हणतात. डेन्मार्कचा विचारवंत ग्रुन्टविग याच्या कल्पनेतून त्या निघाल्या. नॉर्वेतली पहिली १८६४ साली हामारला उभी राहिली. परीक्षा नाही, गुण नाहीत. एरवी तिथे तरुण मुलं वर्षभर राहून शिकतात. आम्ही मात्र प्रौढांच्या छोट्या अभ्यासक्रमाची मंडळी. भाषा, इथली राहणी आणि डोंगर असं सगळं एकत्र शिकतोय, उठल्यापासून झोपेपर्यंत नॉर्वेजियनमध्ये.

माझ्या शेजारी बसलेली फिलिपिन्सची परिचारिका एका वृद्धाश्रमात काम करते. तिला नागरिकत्व हवंय, आणि २०२२पासून त्यासाठी बोलण्याची बी-१ पातळी गाठावी लागते. शेवटी चाचणी कधी, असं तिनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं. चाचणी नाहीच, हे ऐकून तिचा चेहरा उतरला. मला तो चेहरा ओळखीचा वाटला; मीही गुणपत्रिकेवर वाढलेल्या घरातली आहे. ती दिवसभर नॉर्वेजियन बोलते, पण तीच ती वाक्यं. गोळी घ्या. उठा. जेवलात का? परक्या देशात काम करणाऱ्या मोठ्या माणसाची भाषा बहुधा अशीच कामापुरती वाढते आणि तिथेच थांबते. भांडायला, आठवण सांगायला, नको म्हणायला ती पुरत नाही. माणूस गप्प गप्प होत जातो आणि सभोवतालचे लोक त्याला शांत स्वभावाचा समजतात.

काजळी धरलेली किटली उकळते. जाडसर दळलेली कॉफी तिच्यात थेट टाकायची, खाली उतरवायची आणि गाळ बसेपर्यंत थांबायचं. तोवर डबे उघडतात. ब्रेडच्या चकत्या, मध्ये कागद, आणि वर याच खोऱ्यातलं तपकिरी चीज. नेहमीचं चीज करून उरलेलं दुधाचं पाणी तास न् तास आटवून ते करतात. १८६३च्या सुमारास इथल्याच आने होव नावाच्या गवळणीनं त्या पाण्यात साय घातली आणि आजची चव आली. जिभेवर ते जळगावच्या खव्यासारखं लागतं, फक्त थोडं खारट. गप्पांत प्रत्येकाची बोली वेगळी ऐकू येते. "मी" या शब्दाला पुस्तकात 'यै' आहे, ट्रोम्सोची शिक्षिका 'ऍ' म्हणते, आणि पश्चिम किनाऱ्याचा आचारी 'एग'. इथे कोणी कोणाची बोली दुरुस्त करत नाही. शिकणाऱ्याला आधी गोंधळायला होतं, मग धीर येतो.

आग पाण्यानं विझवून, राख हातानं चाचपून आम्ही वर निघतो. झाडं ठेंगणी होतात, मग संपतात. दगडांवर लाल 'टी' अक्षर रंगवलेलं दिसतं, १८६८ साली स्थापन झालेल्या गिरिभ्रमण संघटनेची खूण. वारा आता थेट अंगावर येतो. समोर २१७८ मीटरचं रोंडस्लॉट शिखर बघता बघता ढगात जातं.

शिक्षिका थांबते, नकाशा पसरते आणि विचारते, काय करायचं? ती खरोखरच उत्तराची वाट पाहते. १९६७च्या ईस्टरच्या सुट्टीत या देशाच्या डोंगरांत १८ जण मेले, त्यानंतर डोंगरात वागायचे नियम घराघरात पोहोचवले गेले. वेळेत मागे फिरण्यात लाज नाही, हा त्यातला एक.

आमच्यातले एक निवृत्त जर्मन गृहस्थ म्हणतात, पुढे जाऊ. त्यांची नॉर्वेजियन आमच्यात सगळ्यात सफाईदार, म्हणून बाकीचे माना डोलावतात.

"नाही," परिचारिका म्हणते. ती पुढे होऊन त्यांचा हात धरते. "बघा. हात गार. सॅकचा पट्टा काढा."

ते हसून पट्ट्याला हात घालतात. बोटं क्लिपवरून दोनदा घसरतात.

"आता आपण खाली जातो," ती म्हणते. तिच्या नॉर्वेजियन वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी यायला हवं होतं, ते तिसऱ्या जागी पडलंय. शिक्षिका चूक ऐकते आणि नकाशाची घडी घालते. गृहस्थ अजून वाद घालताहेत: आणखी अर्धाच तास, मी आल्प्समध्ये वाढलोय. परिचारिका ऐकून घेते, लोकरीचे हातमोजे काढून त्यांच्या हातात कोंबते आणि म्हणते, वृद्धाश्रमातले सगळेच कुठे ना कुठे वाढलेत.

आम्ही उतरू लागतो. थोड्या वेळानं ते स्वतःच मागे वळून विचारतात, म्हातारी माणसं ऐकत नाहीत तेव्हा तू काय करतेस? ती सांगू लागते. एक जुना मच्छीमार आहे, रात्री दोनला उठतो आणि समुद्रावर जायचे बूट मागतो. ती बूट आणून देते, त्याच्या शेजारी बसते, आणि वाऱ्याची दिशा विचारते. शब्दासाठी ती अडते. पुढून शिक्षिका मान न वळवता तो शब्द ओरडते. ती तो पकडते आणि गोष्ट पुढे नेते.