अथालचा मुक्काम आणि मोडीचे अ‍ॅप

बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून एक तरी रुमाल असतोच. हात पुसायचा नव्हे. दफ्तराचा, लाल खारव्यात बांधलेला. दसऱ्याला तो खाली काढावा, गंध-फूल वाहावे आणि पुन्हा ट्रंकेत ठेवावा, एवढाच त्याचा व आपला संबंध आता उरला आहे. कारण आतले सारे मोडीत! आमच्या घरी ते वाचणारे शेवटचे गृहस्थ म्हणजे माझे वडील; ते १९८६ साली गेले. मागे उरली ती एक आख्यायिका, की रुमालात खंडेराव महाराजांच्या वेळची इनामाची सनद आहे. घरात लग्नकार्य निघाले की ही सनद व्याह्यांच्या कानांवर हटकून घातली जाई.

हा रुमाल वाचण्याचा योग आला तो मात्र बडोद्यापासून दूर, दमणगंगेकाठी, सिल्वासाजवळच्या अथाल गावी. मार्च २०२० च्या मध्यास आम्ही उभयता चिरंजीवांकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेलो. तो तिकडे एका सुताच्या कारखान्यात आहे. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि आठ दिवसांवर आणखी अडुसष्ट दिवसांची भर पडली. यंत्रांची घरघर थांबली. खिडकीतून काय ती रेशनची रांग दिसे, चुन्याच्या वर्तुळांत एकेक माणूस उभा असलेली.

हा मुलूख तसा आपल्याला परका नव्हे. नगर हवेली परगणा पोर्तुगिजांच्या हाती गेला तो १७८३ साली, पेशव्यांकडून. आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. पेशवे दफ्तराची लिपीही मोडीच! असो.

सूनबाईंचे कचेरीचे काम लॅपटॉपवर चाले. दुपारी चारनंतर तो मोकळा होई. पत्त्यांचा कंटाळा आलेली नात एक दिवस म्हणाली, "आजोबा, आपण अ‍ॅप बनवायला शिकू या."

"अ‍ॅप? कशाचे?"

"तुमच्या त्या मोडीचे."

दसऱ्याला टिपलेली रुमालातील अकरा पानांची छायाचित्रे सुदैवाने माझ्या मोबाइलमध्ये होती. मी वही घातली आणि रोजच्या अभ्यासाची नोंद ठेवू लागलो.

पहिला आठवडा एमआयटी या अमेरिकेतील विद्यापीठाच्या अ‍ॅप इन्व्हेंटरवर गेला. तेथे टंकलेखन फारसे नाही; आज्ञांचे रंगीत तुकडे असतात, ते एकमेकांत अडकवायचे. 'बटण दाबले तर' हा एक तुकडा, 'अक्षर बदल' हा दुसरा. नवव्या दिवशी, म्हणजे २ एप्रिलला, सरकारचे आरोग्य सेतू अ‍ॅप निघाले. चिरंजीवांनी ते सर्वांच्या मोबाइलवर घातले, आणि नातीने त्यातील बटणे मोजून 'हे आपल्यालाही जमेल' असा निर्वाळा दिला. पुढे आम्ही गूगलच्या फ्लटरकडे वळलो. त्याची भाषा डार्ट; ती मात्र टंकावी लागते, आणि तिचा कारभार एखाद्या कर्मठ कारकुनासारखा. एक अर्धविराम राहिला तरी अर्ज परत! पण मजकूर दुरुस्त करून जतन केला की क्षणात मोबाइलवरचे चित्र पालटते, आणि साठी उलटलेल्या माणसालाही टाळी वाजवावीशी वाटते.

खरी गंमत अक्षरांत निघाली. डार्टला 'बडोदे' या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर पाच. आपल्याला अक्षरे दिसतात तीन. यंत्र काना-मात्रा वेगळ्या मोजते. मोडीचा नुसता 'क' दिला, तर लांबी दोन! नात खो-खो हसली. कारण शोधता कळले ते असे. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांचा एक थोरला वाडा. त्याच्या पुढच्या चौकात ६५,५३६ खोल्या; देवनागरीला तेथे सलग १२८ मिळालेल्या. मोडीसाठी अंशुमन पांडे या अभ्यासकाने २०११ साली प्रस्ताव लिहिला, आणि ती वाड्यात आली २०१४ साली. तोवर पुढचा चौक भरत आलेला. तिला बिऱ्हाड मिळाले मागल्या चौकात. तेथला पत्ता सांगायला डार्टला दोन आकडे लागतात, म्हणून लांबी दोन. ज्या लिपीत शेकडो वर्षे राज्याचा हिशेब चालला, तिला मागल्या चौकात का होईना, जागा मिळाली याचेच मला अप्रूप वाटले.

अ‍ॅपची रचना साधी. वर मोडीचे एक अक्षर, खाली बाळबोध चार; बरोबर असेल ते दाबावे. पण प्रश्न घालणाऱ्याला उत्तर देणाऱ्याहून अधिक कळावे लागते. मोडी लिहिणारे ह्रस्व-दीर्घाचा विधिनिषेध सहसा पाळीत नाहीत. मग पर्यायांत 'कि' आणि 'की' दोन्ही ठेवणे अन्यायाचे. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. आधी सबंध ओळभर रेघ ओढायची आणि मग अक्षरे टांगायची. यंत्राला हे सारे उकलून सांगता सांगता माझाच मोडीचा अभ्यास पक्का होत गेला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी छायाचित्रांतील पहिले पान लावले. आकडे आधी लागले, मग नावे. संवत १९५६, म्हणजे छप्पन्या, १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ. इनाम नव्हे, सनद नव्हे. पणजोबांनी वाण्याकडून उचललेल्या बाजरीचा तो हिशेब होता, आणि शेवटच्या ओळीत तारण लिहिले होते: पाटल्या, जोड एक.

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पणजीबाईंच्या असतील." बडोद्यास फोन केला, तर थोरले बंधू म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस." आज त्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहे, ती मिळायला बराच काळ जावा लागला.

जूनमध्ये घरी परतल्यावर सबंध रुमाल सोडला. त्यात बाजरीच्या आणखी दोन उचली आहेत. पाटल्या सोडवल्याची नोंद अजून सापडलेली नाही. पण सत्तावीस कागद वाचायचे बाकी आहेत आणि त्यांतले काही वाळवीने खाल्ले आहेत.

अ‍ॅप सध्या घरातल्या पाच मोबाइलवर आहे. फुकट मिळणाऱ्या टंकातील अक्षरे फार सोज्वळ दिसतात. आमच्या पणजोबांच्या कारकुनाचा 'र' तर ओळीगणिक रूप बदलतो. म्हणून नातीने आता रुमालातल्याच अक्षरांची छायाचित्रे कातरून अ‍ॅपमध्ये घालायला घेतली आहेत. बंधूही रोज दहा अक्षरे ओळखतात, आणि नववे चुकले की मला फोन करतात.