गाणी विसरली नाहीत, श्रोते पांगले

शिक्षकांच्या खोलीत किंवा कार्यालयातील मधल्या सुटीत ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची नावे निघावीत आणि नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणाने 'हे कोण?' असे विचारावे, हा प्रकार आता दुर्मिळ राहिलेला नाही. त्यावर ज्येष्ठ मंडळी हळहळतात, नव्या पिढीच्या अभिरुचीविषयी दोन कठोर शब्द उच्चारतात आणि विषय तेथेच संपतो. त्याच तरुणाने एखाद्या मराठी रॅप गाण्याचा उल्लेख केला, तर ज्येष्ठांचे चेहरेही तितकेच कोरे राहतात; मात्र त्या अज्ञानास अज्ञान म्हणण्याचा प्रघात नाही. हे अंतर कशामुळे पडले याचा विचार अभिरुचीच्या नव्हे, तर पुरवठ्याच्या अंगाने केल्यास चित्र पुष्कळसे वेगळे दिसू लागते.

टंचाईची देणगी

मागील पिढीला जे ठाऊक होते ते तिने पारखून, निवडून मिळविले होते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५५च्या रामनवमीपासून त्या केंद्राने 'गीतरामायणा'ची ५६ गीते सुमारे वर्षभर क्रमाक्रमाने प्रसारित केली. रेडिओ त्या काळी महाग होता, तो बाळगण्यास परवाना लागे, आणि ज्या घरी तो असे त्या घराच्या भिंती आवाज अडवीत नसत. अभ्यास करणारा मुलगा, स्वयंपाकघरातील आई, ओसरीवरचे आजोबा आणि शेजारचे बिऱ्हाड या सर्वांच्या कानी एकच गीत पडे. एकाने ऐकले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नसे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो सामूहिक उपभोग होता. निवडीस वाव नव्हता, म्हणूनच ओळख सार्वत्रिक झाली. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतरही बराच काळ हीच स्थिती होती. १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत, त्यात भक्तीचा वाटा मोठा होता हे खरे. परंतु बहुतेक ठिकाणी दुसरी वाहिनीच नव्हती, हेही तितकेच खरे.

या टंचाईचा उपयोग अभिरुची घडविण्यासाठी करून पाहण्यात आला, हा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर शास्त्रीय संगीतास प्राधान्य मिळाले आणि चित्रपटगीतांना जवळपास मज्जाव झाला. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षी तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. अखेर १९५७ साली आकाशवाणीस 'विविध भारती' ही स्वतंत्र सेवा सुरू करावी लागली. ऐकणे सोपे करता येते, आवड लादता येत नाही, हाच या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

आवड आणि ओळख

अभिरुचीतील मतभेद तेव्हाही होतेच. रात्र रात्र जागून संगीत नाटके ऐकलेल्या मंडळींना तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आटोपणारे भावगीत उथळ वाटे. त्यांच्या मुलांना नाट्यपदांतील लांबलचक ताना कंटाळवाण्या वाटत. तथापि दोघांनीही एकमेकांची गाणी ऐकलेली असत. नावड होती, परंतु ती ओळखीनंतरची नावड होती. आज आवडीतील अंतर जुनेच आहे. ओळखीतील अंतर मात्र नवे आहे.

अर्थात हा सामाईक ठेवा सर्वांचा होता, असेही मानण्याचे कारण नाही. वामनदादा कर्डक यांची गीते वस्त्यावस्त्यांतून मुखोद्गत असताना अनेक पांढरपेशा घरांत त्यांचे नावही ठाऊक नव्हते. ते अंतर पिढ्यांचे नव्हते, समाजाच्या स्तरांचे होते; आणि त्याबद्दल कोणी फारशी हळहळही व्यक्त केली नाही.

पुढे परिस्थिती पालटली. १९८०च्या दशकात स्वस्त ध्वनिफितींनी गाणे रेडिओच्या वेळापत्रकातून सोडविले, १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, आणि २०१६ पासून मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाल्यावर प्रत्येकाच्या कानाला स्वतःचे केंद्र मिळाले. पुरवठ्याच्या दृष्टीने हे सुवर्णयुगच होय. जे 'गीतरामायण' ऐकण्यासाठी पूर्वी ठरावीक वेळेची वाट पाहावी लागे, ते आज मध्यरात्रीही ऐकता येते. तरीही नातवाच्या कानी ते पडत नाही. कारण मागणी करण्यासाठी वस्तूचे नाव तरी ठाऊक असावे लागते. शिवाय जे एकदा ऐकले त्यासारखेच पुन्हा पुढे करणे, हा मोबाइलवरील संगीतसेवांचा धर्म आहे. नातवाचे रॅप त्याच कारणाने आजोबांपर्यंत पोहोचत नाही. ज्या आवाजाला पूर्वी भिंत अडवीत नसे, तो आता कानातच कोंडला गेला आहे.

यात हानी कोणाची? गाण्यांची नव्हे, ती साठवणीत सुरक्षित आहेत. हानी संवादाची आहे. वर्गात शिक्षक एखाद्या गीताचा दाखला देतो आणि तो कोठेच पोहोचत नाही. घरात आजी आणि नात शेजारी बसून आपापल्या मोबाइलमध्ये गढून जातात. सामाईक संदर्भ नसलेल्या माणसांना थट्टाही करता येत नाही, मग गंभीर बोलणे तर दूरच.

यावर उपाय सक्तीचा नाही. १९५२चा अनुभव पुरेसा आहे. जे पूर्वी टंचाईमुळे आपोआप घडत होते, ते आता हेतुपूर्वक घडवावे लागेल. आठवड्यातून एखादा तास घरात गाणे कानात न घालता खोलीत मोकळे सोडावे. एकदा आजोबांनी निवडावे, एकदा नातवाने. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत आणि ग्रंथालयांतही असा पायंडा पाडता येईल. मात्र यात ज्येष्ठांनी केवळ ऐकविण्याची भूमिका घेऊ नये, ऐकण्याचीही घ्यावी. नावडण्याचा अधिकार दोघांनाही राहील. परंतु तो ऐकल्यानंतरच बजावला पाहिजे.