अमली पदार्थ सेवन करणाऱ्यांच्या एचआयव्ही उपचारातील लिंगभेद

अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्या एचआयव्हीबाधित स्त्रिया व पुरुष यांच्यात तपासणी, औषधोपचाराचा प्रारंभ आणि त्यातील सातत्य यांबाबत फरक आढळतो. विषाणूरोधक औषधे (एआरटी) दोघांसाठी सारखीच आहेत. फरक पडतो तो केंद्रापर्यंत पोहोचण्यात व तेथे टिकून राहण्यात. कॅनडातील व्हँकूव्हर येथे उपचार विनामूल्य असूनही अशा स्त्रियांना औषधे कमी प्रमाणात मिळतात आणि त्यांच्या सेवनात खंड अधिक पडतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांतून एआरटी मोफत दिली जाते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे आरंभीच्या केंद्रांपैकी एक होय. दुसऱ्या फळीच्या औषधांचा प्रश्न मुंबईत व्यसनी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात मांडला आणि २०१० मध्ये शासनाने ती औषधे गरजूंना पुरविण्याचे मान्य केले.

निदानातील फरक

सर्वसाधारण लोकसंख्येत चित्र बरेचसे उलट आहे. गरोदरपणातील तपासणीमुळे अनेक स्त्रियांचे निदान लवकर होते. पुरुष बहुधा प्रतिकारशक्ती खालावल्यावर येतात. व्यसन असलेल्या स्त्रीला मात्र या सोयीचा पुरेसा लाभ होत नाही. व्यसन उघड झाल्यास मूल हिरावले जाईल किंवा घराबाहेर काढले जाईल या भीतीने ती प्रसूतिपूर्व तपासणीही टाळते. सुईचा वापर अनेकदा जोडीदाराबरोबर होतो आणि त्याच्यानंतर तीच सुई तिच्या वाट्याला येते, त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची नोंद त्याच गटात झाली, तर तिचे व्यसन दुर्लक्षित राहण्याची शक्यता असते.

उपचारातील सातत्य

गर्दसारख्या (ब्राऊन शुगर) अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी औषधयोजना दिली जाते. ती चालू असलेल्या रुग्णांचे एआरटीतील सातत्य सुधारते. परंतु ही गोळी सामान्यतः रोज केंद्रावर, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून घ्यावी लागते. लहान मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला पुरुषांनी भरलेल्या केंद्रात रोज जाणे अवघड असते. वेळापत्रक आखताना तिचा विचार क्वचितच झालेला असतो.

व्यसनमुक्ती केंद्रांचा इतिहासही असाच आहे. पुण्यातील मुक्तांगण हे केंद्र डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ हा तेथील स्वतंत्र विभाग बऱ्याच वर्षांनी आला.

औषधांच्या निवडीतही स्त्रियांबाबत वेगळी सावधगिरी घेतली गेली. डॉल्युटेग्राव्हिरमुळे गर्भाच्या मज्जारज्जूत दोष संभवतो अशी शंका २०१८ मध्ये निर्माण झाल्याने काही देशांनी ते प्रजननक्षम स्त्रियांना देणे थांबविले. अधिक माहिती हाती आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ते सर्वांसाठी सुचविले. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांना या औषधाचा विशेष उपयोग होतो, कारण जुन्या इफाविरेंझप्रमाणे ते मेथाडोनचे रक्तातील प्रमाण घटवत नाही.